सहा पायांचा बैल

"धरा रं त्याला! चोर हाय त्यो, चोर!"

आमचे मामा घोंगडीवरून उठून टीव्हीकडं हात नाचवत ओरडले आणि समाजमंदिरात दाटीवाटीनं बसलेलं सगळं गाव खो-खो हसलं. टीव्हीवर एक उंचापुरा माणूस, अंगात चांदीसारखा झगमगीत पोशाख, एका सहा पायांच्या जनावराला दाव्यानं ओढत विमानाकडं नेत होता. जनावराचा म्हातारा मालक मागून बोंबलत पळत होता.

"मामा, खाली बसा. सिनेमा हाय त्यो," मी त्यांचा सदरा ओढत म्हणाले. माझ्या मांडीवरचं पोरगं दचकून जागं झालं होतं.

"सिनेमा असू दे न्हाईतर काय असू दे! दुसऱ्याच्या दावनीला हात लावनारा चोरच. हे दाखवायला बोलावलं व्हय मला?"

आणि टोपी झटकून, लोकांच्या पायांवर पाय देत, मामा तरातरा बाहेर निघून गेले. दाराला लावलेलं घोंगडं बाजूला झालं, बाहेरचं ऊन आत घुसलं आणि टीव्हीवरचं चित्र पांढरं पडलं. पोरं ओरडली, "दार लावा, दार लावा!"

"झालं," शेजारी बसलेल्या आत्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "नातवाचं जावळ, चांगला कार्यक्रम, आन् ह्यांचं आपलं तेच."

मामा म्हणजे माझे सासरे, केरबा झोळ. आमच्या करमाळ्याकडं सुना सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात. आज माझ्या डोक्याचे केस पांढरे झाले, मीही दोघींची सासू झाले, पण तो दिवस आठवला की अजून एकटीच हसत बसते. सुना म्हणतात, आत्याला काय झालं.

माझ्या थोरल्याचं जावळ होतं त्या दिवशी. माझे मालक साखर कारखान्यात कामाला लागलेले, हौसेला मोल नाही, म्हणून त्यांनी जेऊरहून मुनीर व्हिडिओवाल्याला बोलावलं होतं. टीव्ही, व्हिडिओची पेटी, दोन कॅसेटी. सकाळी एक सिनेमा, दुपारी जेवणं झाली की दुसरा. सकाळचा सिनेमा इंग्रजी होता, पण माणसं हिंदीत बोलायची. नाव कुणाला कळलं नाही, कारण कॅसेटीवरचा कागद कधीच फाटून गेला होता.

गोष्ट मात्र सगळ्यांना कळली. आभाळात कुठंतरी एक ग्रह असतो. त्याचा सूर्य विझत चाललेला असतो. मग तिथल्या सगळ्या माणसांना बाडबिस्तऱ्यासकट मोठाल्या विमानांत बसवून दुसऱ्या ग्रहावर न्यायचं असतं.

सुरुवातीला सगळे गप्प बसून बघत होते. मग टीव्हीवर एक साहेब आला आणि भोंग्यातून सूचना वाचायला लागला, तशी मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, हे तर आपलं धरणाचं जीपवालं साहेब!" पुढं माणसं चिठ्ठ्या उचलून विमानातल्या जागा घेतात असं दाखवलं, तेव्हा तर हसून हसून पुरेवाट. एक म्हातारी मडक्यात माती भरून घेते. तिला बघून सगळ्यांनी आमच्या चुलतसासूकडं बोट दाखवलं, कारण तिनं तुळशीची माती परातीत घालून डोक्यावर आणली होती, तेवीस मैल, वाटेत कुणाला हात लावू दिला नव्हता.

कारण ते सगळं आमच्यावर होऊन गेलं होतं. आमचं जुनं पिंपळठाव भीमेच्या काठावर होतं. उजनीचं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. चिठ्ठ्या टाकून आम्हाला माळावर जागा मिळाल्या. नव्या गावात विजेचे खांब होते, सरळ रस्ते होते आणि आळ्यांना नावांऐवजी नंबर होते. नव्हती ती नदी. आणि आमच्या घरात नव्हतं ते हसणं.

ते का नव्हतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

जुन्या गावात मामांचा एक जिवाभावाचा दोस्त होता, लिंबाजी नावाडी. भीमेवर त्याची नाव चालायची. दिवस मावळला की दोघं पारावर बसायचे आणि भांडायचे. कशावरूनही. पाऊस कुठल्या नक्षत्रात लागेल यावरून, कुणाच्या बाचं लग्न आधी झालं यावरून. भांडता भांडता मामा असे हसायचे की नदीपलीकडं ऐकू जायचं. माझं लग्नही लिंबाजीकाकांनीच जमवलेलं. "पोरगी तोंडाळ हाय, पन तुमच्या घराला तसलीच पायजे," असं त्यांनी मामांना माझ्या वडिलांच्या देखत सांगितलं होतं.

मग पाणी चढायला लागलं. सगळं गाव हललं, मामा हलेनात. घराच्या उंबऱ्यावर मांडी ठोकून बसले. "माझ्या बानं बांधलेल्या घरात शिरायची पान्याची काय बिशाद!" माझे मालक पाया पडले, आत्यांनी जेवण टाकलं, काही उपयोग नाही. आम्हा बाकीच्यांना, काकांच्या बायकोला गंगूकाकूंनाही, आमच्या सामानाबरोबर आधीच नदीपार पाठवलं होतं. शेवटच्या दिवशी पाऊस कोसळत होता, भीमा लाल झाली होती, आणि आम्ही सगळे पैलतीरावर डोळ्यांत प्राण आणून बघत उभे होतो.

आणि नाव आली. नावेत मधोमध उभा होता आमचा हिऱ्या. हिऱ्या म्हणजे मामांचा लाडका बैल, घरच्या गाईचा, पांढराशुभ्र. एका टोकाला आत्या डोळे गच्च मिटून बसलेल्या. दुसऱ्या टोकाला लिंबाजीकाका वल्हं मारतायत, आणि बैलाच्या पोटाआडून मामा त्यांना शिव्या घालतायत, "काठाला लागू दे, तंगडंच मोडतो तुझं! माझा बैल सोडून न्हेतोस व्हय रं चोरा!"

झालं होतं असं की लिंबाजीकाकांनी मामांना एक शब्दानंही समजावलं नाही. सरळ गोठ्यात शिरले, हिऱ्याचं दावं सोडलं आणि बैल घेऊन नावेकडं चालते झाले. मामा बैलामागं धावले. बैल नावेत चढला, तसे मामाही चढले, त्यांच्या मागं आत्या, आणि काकांनी नाव लोटली.

काठाला उतरल्यावर सगळ्या गावासमोर काका म्हणाले, "तुझं ते खुराडं बुडंना का! तूबी बूड. पन असला देखना बैल तुझ्यासारख्या करंट्यापायी बुडू द्यायचा न्हाई मी. बैलाला आनलं मी. तू आपला मागनं आगंतुक आलास."

लोक हसले. घर बुडत असलेल्या माणसाला लोक हसले. मामांनी हिऱ्याचं दावं हिसकून घेतलं आणि त्या दिवसापासून लिंबाजीकाकांशी बोलणं टाकलं. सहा-सात वर्षं. एका गावात, दोन आळ्यांच्या अंतरावर. काका समोरून आले की मामा आभाळात ढग बघायचे, मग उन्हाळा का असेना.

तर त्या जावळाच्या दिवशी मी पोराला आत्यांकडं दिलं आणि मामांच्या मागं बाहेर आले. मामा लिंबाखाली तंबाखू मळत बसले होते.

"मामा, संध्याकाळच्या यष्टीनं काका चालले पुण्याला. कायमचे. तुम्हाला माहीत हाय ना?"

"कोन काका?"

"मामा!"

"जाईना का. मी काय त्याचं तिकीट काढू?"

"एकदा जाऊन भेटा. मला बरं वाटावं म्हणून तरी."

"सूनबाई," मामा तंबाखू तोंडात टाकत म्हणाले, "घरात बायको, पानी दाराशी, आन् त्यो मला काय म्हनला? खुराडं. माझ्या बाच्या घराला. बैलाची किंमत हाय, माझी न्हाई. चार लोकांत म्हनला. आता जा, पाव्हनं बसल्यात, त्यांचं बघ."

ह्या माणसापुढं डोकं फोडून उपयोग नव्हता. मी तशीच लिंबाजीकाकांच्या घरी गेले. पदराखाली ओटीचं सामान होतं, गंगूकाकूंसाठी.

घर मोकळं झालं होतं. दोन गठुडी, एक पेटी, बास. काका अंगणात बसून त्यांच्या जुन्या वल्ह्याला तेल चोळत होते. माणसापेक्षा उंच वल्हं.

"काका, हे कशाला पुण्याला?"

"टेकायला काठी म्हनून."

"आठ फुटांची काठी?"

"पुन्याची मानसं उंच असत्यात म्हनं," काका म्हणाले आणि डोळे मिचकावले. पण हसले नाहीत.

आत काकूंनी माझ्याकडून ओटी भरून घेतली आणि मला पोटाशी धरलं. "तुझ्यासाठीच तेवढा जीव तुटतुय बघ. सहा वर्सं तुझ्या जात्यावर दळलं. मागच्या दारानं आले, मागच्या दारानं गेले, कधी तोंड वाकडं केलं न्हाईस."

ते खरं होतं. काकूंच्या घरी जातं नव्हतं. गिरणी लांब, पाच मैलांवर. काकू आठवड्यातून दोनदा आमच्याकडं दळायला यायच्या, आणि मामा ओट्यावरून मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "सहा वर्सं झाली, एक जातं घ्यायला जमंना नावाड्याला!" काकू ऐकायच्या, हसायच्या आणि दळत राहायच्या.

"काकू, खरं सांगा. का चाललाय? पोराकडं तुम्हाला करमणार नाही."

"इथं तरी कुठं करमतं ह्यास्नी? नदी न्हाई म्हनून न्हाई गं. त्यो मानूस पान्याशिवाय राहील, बोलल्याशिवाय न्हाई राहायचा. आन् इथं ह्यांच्यासंगं भांडायला हाय कोन?"

बाहेर आले तेव्हा मी काकांना विचारलंच. "काका, त्या दिवशी असं का वो बोललात आमच्या मामांना?"

काकांनी वल्ह्यावरून फडकं फिरवलं, एकदा, दोनदा. "बैल चांगला व्हता," ते म्हणाले.

जावळाची जेवणं उरकेस्तोवर दुपार झाली. शिरापुरी खाऊन सुस्तावलेलं गाव पुन्हा समाजमंदिरात जमलं. दुसरी कॅसेट देवाधर्माची होती, म्हणून म्हाताऱ्या पुढं बसल्या होत्या, कुणीतरी टीव्हीला हळदकुंकूही लावलं. मुनीरनं कॅसेट घातली. पेटीनं एकदा खर्रर्र केलं, मग कर्रर्र केलं आणि थांबली. मुनीरनं हात घालून बाहेर ओढलं तर काळी फीत आतड्यासारखी लांबच लांब निघायला लागली.

"या अल्ला," मुनीर रडकुंडीला आला. "मावशी, खाल्ली हो मशीननं. आता सकाळचीच एक हाय."

"मग तीच लाव," आत्या म्हणाल्या. "म्हातारीची माती नीट बघायची राहिली माझी."

"लाव, लाव!" सगळे ओरडले. एकदा बघितलेला सिनेमा पुन्हा बघण्यात आमच्या गावाला काही वाईट वाटत नव्हतं. उलट पुढचं माहीत असल्यामुळं सगळ्यांना बोलायला जोर आला.

साहेब भोंगा घेऊन आला तसे सगळे त्याच्याबरोबर सूचना म्हणायला लागले. चिठ्ठ्यांच्या वेळी कुणी ओरडलं, "नऊ नंबर घेऊ नका, तिथं चिखल हाय!" नऊ नंबरच्या आळीतली माणसं चिडली. तेवढ्यात दाराचं घोंगडं हललं आणि मामा आत आले.

"ते जनावर आलं का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"यायचंय अजून."

"तेवढं बघतो आन् उठतो. सहा पाय हलवतंय कसं, ते मगाशी ध्यानात आलं न्हाई." आणि पोराला माझ्याकडून घेऊन मांडीवर ठेवून बसले.

जनावर आलं. मामांनी पुढं वाकून त्याची चाल पारखली. "मधले दोन पाय नुसते शोभेचे," त्यांनी निकाल दिला. मग तो चांदीचा पोशाखवाला आला, त्यानं दावं सोडलं, आणि मामा पुटपुटले, "हाय का न्हाई चोर." पण ह्या वेळी उठले नाहीत. नातू मांडीवर झोपला होता, म्हणून असेल.

म्हातारा जनावरामागं धावत विमानात चढला. दार धाडकन बंद झालं. सकाळी मामा ह्याच्या आधीच उठून गेले होते.

आता विमानात तांबडा दिवा लागला. एक घंटा वाजायला लागली. ओझं फार झालेलं, विमान उठेना. तो पोशाखवाला इकडंतिकडं बघतो. म्हातारा कोपऱ्यात जनावराच्या गळ्यात हात टाकून त्याला शिव्या देतोय, त्याचं लक्षच नाही. मग पोशाखवाला मागच्या दाराशी जातो, आणि एकेक वस्तू बाहेर ढकलायला लागतो. एक पेटी. एक गुंडाळी. मग एक जडशीळ गोल यंत्र, दोन्ही हातांनी लोटत. बाजूला त्याची बायको उभी असते. ती बघते आणि काही बोलत नाही. घंटा थांबते. विमान उठतं.

सकाळी ह्या जागी लोक हसले होते, ते यंत्र गडगडत जाताना बघून. आताही हसले.

"सूनबाई," मामा म्हणाले, "ते कुनाचं सामान टाकलं त्यानं?"

"त्याचंच की. त्याच्याच बायकापोरांचं. सुरुवातीला भरताना दाखवलं होतं."

"त्याचं?"

"व्हय."

मला वाटलं, जनावर संपलं, आता उठतील. पण ते टीव्हीकडं बघतच नव्हते. पोराच्या मऊ, नुकत्या भादरलेल्या डोक्यावर फिरणारा त्यांचा हात मधेच थांबला होता.

"मामा? काय होतंय?"

"गंगूचं जातं कुठं हाय गं?"

"गंगूकाकूंकडं जातं नाही मामा. तुम्हीच तर रोज..."

"जुन्या गावात व्हतं." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "चांगलं काळ्या दगडाचं व्हतं. गंगूच्या बानं दिल्यालं. मी दळताना बघितलंय तिला."

"मग?"

"त्या दिवशी काठावर बाभळीखाली सामान पडलं व्हतं. पेटी, जाळी, भांड्याचं पोतं. पावसात भिजत. मला वाटलं, कुनीतरी टाकून गेल्यालं. नावेची कड उंच, मला चढता येईना, म्हनून मी एका जात्यावर पाय दिला आन् नावेत चढलो." मामांनी माझ्याकडं बघितलं. "जात्याला पाय लागला म्हनून मी मनात नमस्कारबी केला, सूनबाई. एवढ्या रागात नमस्कार केला. पन कुनाचं हाय म्हनून न्हाई बघितलं. त्यानं नावेतनं सगळा संसार उतरवला व्हता गं. बैलाला जागा व्हावी म्हनून."

"बैलाला नाही मामा," मी म्हणाले.

तेवढं बोलायची गरज नव्हती. मामांना ते माझ्याआधीच कळलं होतं. बैल आला की मालक येणार, मालक आला की मालकीण येणार, हे त्या नावाड्यानं आधीच हेरलं होतं. दोस्ताला समजावून तो यायचा नाही, चिडवला तर मात्र नदीपार येईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेला आपलं सामान नेऊ म्हणाला असेल, पण त्या दिवशी भीमेनं दुसरी खेप कुणालाच करू दिली नाही.

मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आणि बाहेर रस्त्यावर यष्टीचा भोंगा वाजला.

"धर ह्याला!" मामांनी पोरगं माझ्या अंगावर टाकलं आणि उठले. साठीचा माणूस, पण असा पळाला की दाराचं घोंगडं अंगावर ओढूनच बाहेर गेला. सगळ्या खोलीत लख्ख ऊन. मी पोराला काखेत मारून मागं धावले, माझ्या मागं आत्या, आत्यांच्या मागं काय झालं काय झालं म्हणत सगळं गाव.

यष्टी चिंचेखाली उभी होती. गठुडी आणि पेटी टपावर चढली होती. गंगूकाकू आत खिडकीशी बसल्या होत्या. दारात काका आणि कंडक्टर भांडत होते.

"अहो बाबा, हे वल्हं आत मावत नाही. लोकांचे डोळे फोडाल."

"तिरपं धरतो की!"

"तिरपं धरलं तर ड्रायव्हरच्या मानेत जातंय! टपावर टाका."

"टपावरनं पडलं तर तुझा बा देनार हाय का?"

मामा गर्दीतून वाट काढत आले. मला वाटलं, आता गळ्यात पडतील, माफी मागतील, रडतील. मी पदर डोळ्यांना लावून तयारच होते. मामा काकांच्या समोर उभे राहिले. काकांनी सवयीनं मान वळवली. आणि मामांनी त्यांच्या हातातलं वल्हं हिसकलं.

"आरं!" काका म्हणाले. सहा वर्षांनी दोघांमध्ये बोलला गेलेला हा पहिला शब्द.

"तू जा पुन्याला!" मामा सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले. "जा, आन् मर तिकडं गटाराच्या काठाला! पन असलं देखनं वल्हं तुझ्यासारख्या करंट्यापायी पुन्याला सडू द्यायचं न्हाई मी!"

आणि वल्हं खांद्यावर टाकून मामा घराकडं पळत सुटले.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला नीट सांगता यायचं नाही, पण शेवटी आलं ते हसू. सहा वर्षं दाबून ठेवलेलं हसू. "चोर!" ते ओरडले. "धरा रं त्याला! माझं वल्हं घेऊन पळतंय थेरडं! तंगडंच मोडतो तुझं, थांब!" आणि धोतराचा सोगा धरून पायरीवरून उडी मारून मामांच्या मागं धावत सुटले.

दोन म्हातारे माळावरच्या रस्त्यानं पळतायत, पुढच्याच्या खांद्यावर आठ फुटांचं वल्हं, वळणावर ते विजेच्या खांबाला आपटतंय, आणि मागचा शिव्या देता देता हसतोय. सगळं गाव पोट धरून उभं होतं.

"ओ मावशी," कंडक्टर खिडकीत डोकं घालून म्हणाला, "म्हातारं गेलं की वो. गाडी सोडू का?"

गंगूकाकूंचे दोन्ही गाल ओले झाले होते, आणि त्या हसत होत्या. "सोड बाबा," त्या उठत म्हणाल्या. "आधी माझी गठुडी खाली टाक."

त्या दिवशी यष्टी आमच्या गावाहून रिकामीच गेली.

मुनीरला आम्ही जाऊ दिलं नाही. तिसऱ्यांदा कॅसेट लावायला लावली, कारण मामांचा हट्ट, "ह्याला जनावर दाखवायचंय." काका आणि मामा अगदी टीव्हीसमोर एका घोंगडीवर बसले. वल्हं मधे, दोघांच्याही मांडीवर. ज्याला त्याला वाटत होतं की दुसरा घेऊन पळेल.

माझ्या घरातलं जातं मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः दोन खेपांत गंगूकाकूंच्या घरी नेऊन बसवलं. मला विचारलं नाही. पुढचं वर्षभर मीच त्यांच्याकडं दळायला जात होते, पुढच्या दारानं, आणि काका ओट्यावरून ओरडायचे, "केरबा झोळाला एक जातं घ्यायला जमंना!" मामा घरात बसून ते ऐकायचे आणि असे हसायचे की नऊ नंबरच्या आळीपर्यंत ऐकू जायचं.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी पेटी खर्रर्र करून चालू झाली, साहेब भोंगा घेऊन आला, म्हातारीनं माती भरली. काका पुढं वाकून बघत होते. पोशाखवाल्यानं जनावराचं दावं सोडलं, म्हातारा मागं धावला, दार बंद झालं, तांबडा दिवा लागला. पेटी गेली, गुंडाळी गेली, गोल यंत्र गेलं. ह्या वेळी कुणी हसलं नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी अख्ख्या समाजमंदिरात नुसती मशीनची घरघर.

काकांनी घसा खाकरला. "ह्या मानसाला जनावर धरता येत न्हाई," ते म्हणाले. "दावं असं लांब सोडून ओढत्यात व्हय?"

"त्याला काय कळतंय," मामा म्हणाले. "चोर हाय त्यो."

"चोर हाय," काकांनी मान डोलावली.

मग मामा थोडे सरकले. घोंगडीची आपल्या अंगाखालची मऊ बाजू ओढून त्यांनी काकांच्या गुडघ्याखाली सारली.

"नीट बस की," ते टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "अजून लई सिनेमा राहिलाय."